ठराव दोनदा वाचण्याची प्रथा

पाण्यात आधी वलय उठलं. पेल्याच्या काठापासून आत, मध्यापर्यंत — आणि मग मागाहून, भिंतीपलीकडून यावी तशी, घंटा. एक. पुन्हा वलय. दोन. तिसऱ्या वलयापर्यंत तिनं वही उघडली होती, तारीख टाकली होती आणि खाली लिहायला घेतलं होतं, 'नगर परिषदेची वार्षिक अर्थसंकल्पीय सभा. सकाळी अकरा वाजता घंटा होऊन कामकाजास सुरुवात झाली.' शिपाई घंटेवरचा हात काढून मागे सरकला. पेला काठोकाठ भरायचा आणि घंटेला लागूनच ठेवायचा, ही युक्ती तिची स्वतःची होती. लोकांना वाटायचं, बाईंना तहान फार लागते.

एकतीस वर्षं ती या टेबलाशी बसत होती. समोर अर्धगोलात चोवीस सदस्य, उजव्या हाताला उंचावर अध्यक्षबाई, त्यांच्याशेजारी मुख्याधिकारी, वर नागरिकांसाठी लाकडी सज्जा आणि या सगळ्यांच्या मधोमध ती — इतिवृत्त लिहिणारी. कोण काय बोललं, कुणी अनुमोदन दिलं, कोण रागावून बाहेर गेलं आणि चहाच्या वेळेला परत आलं, सगळं तिच्या वहीत. रेकॉर्डिंगचं यंत्रही होतं, पण त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त बोलायचा. शेवटी वहीत असेल तेच खरं. आणि त्या वहीमागे बसलेल्या बाईला गेली पाच वर्षं, दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा थोडं कमी, ऐकू येत होतं… चमच्याचा आवाज आधी गेला. मग कुकरची शिट्टी. मग पुरुषांचं पुटपुटणं, आणि नगर परिषदेत पुटपुटणारे पुरुष काही कमी नव्हते.

पर्समध्ये पत्र होतं. 'प्रकृतीच्या कारणास्तव मला सेवेतून मुक्त करावे.' चार ओळी, खाली सही. निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं, पण दीड वर्षात कधीतरी, कुणासमोर तरी उघडं पडणारच. त्यापेक्षा आज सभा संपली की पत्र अध्यक्षबाईंच्या हातात द्यायचं, मान ताठ आहे तोवर निघायचं. आजचा एक दिवस निभावला की सुटले. वर्षातली सगळ्यात लांब सभा आहे, तेवढी पार पडू दे.

सकाळी तिच्या नवऱ्यानं तिचा चेहरा हनुवटीला धरून आपल्याकडे वळवला होता. तो घड्याळजी. बाहेरच्या खोलीत दिवसभर लोकांची बिघडलेली घड्याळं कानाला लावून बसतो. "पत्र घेतलंस?" तो ओरडला. त्याला आता ओरडूनच बोलायची सवय झाली होती. "शेजारच्या वहिनी काल मला म्हणाल्या, भाऊजी, एवढं चिडू नका हो त्यांच्यावर. सगळ्या आळीला वाटतं मी बायकोवर खेकसतो." ती हसली होती. मग तो हसायचा थांबला आणि हळू बोलला — हळू म्हणजे त्याच्या आताच्या मानानं. "द्यायचं असेल तर दे. पण पकडली जाशील या भीतीनं देऊ नकोस." तिनं डबा पर्समध्ये कोंबला, पत्राला तेल लागू नये म्हणून पत्र दुसऱ्या कप्प्यात घातलं, आणि निघाली. हा माणूस लहान काट्यापासून मोठ्या काट्यापर्यंत सगळं सरळ करतो, तसं मला करता येत नाही त्याला, हेच बरं.

मुख्याधिकारी वार्षिक अहवाल वाचत होते. छापील प्रत समोर होती, त्यामुळे ही पहिली दीड तासाची चढण सोपी. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. गटारांची सफाई, वाचनालयाचं छप्पर, शाळेतल्या मुलांनी सदस्यांच्या खुर्च्यांवर बसून भरवलेली बालसभा — तिथं एका मुलीनं सगळ्यांना गृहपाठ माफ करण्याचा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला होता. लावलेली झाडं तीनशे, जगलेली दोनशे दहा. 'जगलेली' हा आकडा छापायचाच, असा हट्ट तिनं धरला होता. एकतीस अहवाल तिच्या हातून गेले होते आणि प्रत्येक वर्षी तो जाडजूड गठ्ठा बांधून आला की तिला वाटायचं, अरे, एवढं सगळं केलं आपण? शहर झोपेत असतं आणि कुणीतरी पाणी सोडत असतं, कुणीतरी दिवे बदलत असतं. या घरात आपल्याला जागा मिळाली. तिला खरोखर तसं वाटायचं, कुणाला सांगायला मात्र लाज वाटायची.

शेवटचं प्रकरण 'नगर परिषदेच्या परंपरा'. ते तिचं स्वतःचं, प्रत्येक शब्दासकट. घंटेचे तीन ठोके. जुन्या सदस्याच्या रिकाम्या खुर्चीवर पहिल्या सभेत कुणी न बसण्याची रीत. वर्षभर सभागृहात एक शब्दही न बोलणाऱ्या इतिवृत्त लेखकानं या सभेच्या अखेरीस उभं राहून आभार वाचण्याची रीत. आणि चार वर्षांपूर्वी तिनं भर घातलेलं वाक्य, 'सज्जातील नागरिकांच्या सोयीसाठी प्रत्येक सूचना व ठराव अध्यक्षांनी दोनदा, सावकाश वाचण्याची प्रथा या वर्षी सुरू झाली.' अध्यक्षबाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. ओठ स्वच्छ हलायचे, शब्द सुटा सुटा दिसायचा. देवासारखी बाई, असं ती मनात म्हणायची. या प्रथेनं आपलंही आयतंच साधतं, असं मानून ती गप्प बसली होती.

सज्जात आजही एकटा निवृत्त पोस्टमन होता. तो नेहमीसारखा झोपला होता.

जेवणानंतर ठराव सुरू झाले. पाणीपट्टी, दोनदा. स्मशानभूमीची भिंत, दोनदा. मग दाताचे डॉक्टर उठले. नव्यानं निवडून आलेले, उत्साही, घड्याळाकडे बघून बोलणारे. बोलण्यासाठीच्या लाकडी मंचाशी उभे राहिले, म्हणून तिला त्यांचं तोंड पुरतं दिसत होतं.

"माझी एक साधी सूचना आहे," डॉक्टर म्हणाले. "दोनदा वाचायची पद्धत बंद करावी. मी हिशेब केलाय. वर्षाला साडेअकरा तास जातात. आणि सोय कुणाची, तर सज्जाची. सज्जात एक गृहस्थ असतात, तेही…" त्यांनी वर बोट दाखवलं. पोस्टमनची मान छातीवर होती.

हशा व्हायला हवा होता. तिनं पेन्सिल 'हशा' लिहायला टेकवलीसुद्धा. पण कुणाचंच तोंड हसलं नाही. तिनं वर बघितलं, आणि बाकीची तेवीस माणसं तिच्याकडे बघत होती.

डॉक्टरांकडे नाही. अध्यक्षबाईंकडे नाही. माझ्याकडे. आणि माझी नजर वर होताच सगळ्यांच्या नजरा पांगल्या — कुणी पंख्याकडे, कुणी कागदात, मुख्याधिकारी नाकावरचा चष्मा टेबलावर शोधू लागले. शिपायानं तर सरळ खिडकीकडे तोंड केलं. डॉक्टर एकटेच काही न कळून उभे होते, मंचावर हात ठेवून.

अच्छा.

म्हणजे… तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिनं वहीत एक रेघ ओढली, उगाच. म्हणजे मंच उजव्या कोपऱ्यातून इकडे, तिच्या समोर आणला, तो उजेड चांगला येतो म्हणून नव्हे. अध्यक्षबाईंच्या मागचा पडदा दुपारी ओढतात, कारण मागून ऊन आलं की चेहरा काळा दिसतो आणि ओठ दिसत नाहीत. नगर अभियंता बोलण्याआधी तिच्या टेबलावर बोट आपटायचा. किती आगाऊ माणूस, असं ती घरी सांगायची. आणि ज्याला सगळे नकारघंटा म्हणत, चौदा वर्षं प्रत्येक गोष्टीला विरोध करणारा तो विरोधी सदस्य, त्याची ती ओठ झाकणारी झुबकेदार मिशी — नाही, ती त्यानं बायकोच्या हट्टापायी कातरली, असं तो स्वतः म्हणाला होता. म्हणाला होता खरा.

आणि दिवे. बाजारामागच्या बोळातले तीन दिवे. चार वर्षांपूर्वी नकारघंटानं ते दिवे मागितले आणि मग बसल्या बसल्या, मान खाली घालून, सूचना मागे घेतली. तिनं लिहिलं, मंजूर. पुढच्या सभेत तिचं इतिवृत्त वाचलं गेलं तेव्हा त्यानं तोंड उघडलेलं तिला दिसलं होतं, अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलेलंही दिसलं होतं, आणि तोंड मिटलं. इतिवृत्त कायम झालं, दिवे लागले. महिन्यानं अभियंत्याच्या फायलीत तिला शेरा दिसला, 'ही सूचना मागे घेतली होती ना?' आणि खाली अध्यक्षबाईंच्या अक्षरात, 'इतिवृत्त पाहावे.' त्या रात्री ती जेवली नव्हती. त्याच्या पुढच्याच सभेपासून दोनदा वाचणं सुरू झालं — पुढच्याच सभेपासून! आणि मी ते परंपरांमध्ये लिहिलं, सज्जाच्या सोयीसाठी म्हणून, सुवाच्य अक्षरात. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टिपणाऱ्या बाईला स्वतःबद्दलची एवढी गोष्ट टिपता आली नाही.

आधी राग आला. चार वर्षं सगळ्यांनी मिळून नाटक केलं, आणि मी मूर्खासारखी पेला भरत बसले. जाताना दाराशी काय बोलत असतील? बिचारी, असंच ना? पत्र आत्ताच द्यावं, सगळ्यांसमोर, आणि निघून जावं… पण ती नजर बिचारीला बघतात तशी नव्हती. घरात कुणाचं तरी वाढदिवसाचं गुपित पाहुण्यानं फोडलं, की सगळे कसे ज्याचा वाढदिवस त्याच्याकडे बघतात, तशी होती. वर्षभर एकमेकांची उणीदुणी काढणारी, पाण्याच्या एका नळावरून कचाकचा भांडणारी ही चोवीस माणसं — यांचं कधी कशावर एकमत झालेलं तिच्या वहीत सापडणार नाही. आणि या एका गोष्टीवर झालं होतं. ठराव न मांडता. मतदान न घेता. चार वर्षांत एकालाही ते तोंडावर म्हणून दाखवावंसं वाटलं नव्हतं.

तिचा राग कुठे गेला ते तिला कळलंच नाही. फार बरं वाटलं, इतकं की भीती वाटली, आता रडू येईल.

नकारघंटा उठला होता. बोलायला लागण्याआधी तो अंमळ वळला, तिच्या बाजूला.

"अध्यक्षबाई, चौदा वर्षं मी इथं आहे, आणि तुमच्या एकाही गोष्टीला मी हो म्हटलेलं नाही. ही प्रथा मात्र राहू द्या."

"कारण काय पण?" डॉक्टरांनी विचारलं. तक्रार नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कारण मला एकदा वाचलेलं समजत नाही," नकारघंटा म्हणाला आणि बसला.

आता हसले सगळे. मोठ्यानं, सुटल्यासारखे, पेल्यातल्या पाण्यावर बारीक शहारा उठला. तिनं लिहिलं, 'हशा.' शेजारच्या सदस्यानं डॉक्टरांच्या कानाशी तोंड नेलं, काहीतरी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू उतरला. ते मंचापासून आपल्या खुर्चीकडे गेले, अर्धवट उभे राहिले, आणि मान खाली घालून, समोरच्या कागदांना सांगावं तसं काहीतरी बोलून झटकन बसले.

ओठ दिसले नाहीत. बहुतेक सूचना मागे घेतली. दुसरं काय म्हणणार? वहीत लिहायचं, 'सूचना मागे घेण्यात आली,' की झालं. दिव्यांच्या वेळीही दुसरं काय म्हणणार, असंच वाटलं होतं. उजवीकडे अध्यक्षबाई तिच्या दिशेनं थोड्या वळल्या होत्या, हनुवटी वर. आता त्या नेहमीसारखं तेच वाक्य सावकाश म्हणतील, ती ते ओठांवरून उचलेल, आणि सगळं पुन्हा होतं तसं होईल. अलगद. कुणी काही केलं नाही, कुणाला काही कळलं नाही.

तिनं पेन्सिल वर धरली, शाळेत मुलं बोट वर करतात तशी.

"डॉक्टर, पुन्हा सांगाल का? मला ऐकू आलं नाही."

आवाज केवढा निघाला, कोण जाणे. मोठाच निघाला असणार, कारण सज्जातला पोस्टमन दचकून जागा झाला. इतिवृत्त लेखकानं सभा चालू असताना बोलायचं नसतं. हे तिनंच परंपरांच्या प्रकरणात लिहिलं होतं, तिसऱ्या परिच्छेदात. चोवीस चेहरे तिच्याकडे वळले. या वेळी पंख्याकडे कुणी बघितलं नाही.

डॉक्टर उठले. मंचापर्यंत परत चालत आले, तोंड वर केलं. "मी माझी सूचना मागे घेतो," ते म्हणाले. आणि थांबून, अजून एकदा, "मागे घेतो."

तिनं लिहिलं. 'सूचना मागे घेण्यात आली.' वहीखाली आभाराचा कागद होता — सफाई कामगार, पाणीवाले, दिवेवाले, वेळेवर कर भरणारे नागरिक आणि उशिरा का होईना भरणारेही. या ओळीला दरवर्षी लोक हसतात. तासाभरानं उभं राहून तो वाचायचा होता. त्यात समोरच्या या लोकांना कुठल्या ओळीत घालायचं? काय म्हणून? पर्समध्ये पत्र होतं, ते आज द्यायचं की नाही तेही तिला आता सांगता आलं नसतं. दिलं तरी त्यातलं 'प्रकृतीच्या कारणास्तव' खोडून सरळ काय ते लिहावं लागेल. घरी गेल्यावर घड्याळजी ओरडून विचारील, काय झालं? आणि सगळी आळी उत्तराची वाट बघेल.

अध्यक्षबाईंनी पुढचा ठराव हातात घेतला, तिच्याकडे बघितलं. वाचू का, असं बघितलं. तिनं मान हलवून, जरा थांबा, असं सांगितलं. मग घंटेजवळचा पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. तिला खरंच फार तहान लागली होती.