जादा पाटा

पेण ते वडखळ नाका पुंडलिकची फियाट इतकी अलगद गेली की त्याला स्वतःच्या हातांचं कौतुक आवरेना. पोटातलं पाणी तरी हलतंय का, असं त्याने मागे बसलेल्या इंदुबाईला विचारलं. नवऱ्याने स्वतःची पाठ थोपटायला घेतली की मध्ये बोलायचं नसतं, हे तिला संसारात कळून चुकलं होतं. ती नुसती हसली. नाक्यावर एक एसटी आडवी आली, पुंडलिकने ब्रेक लावला आणि मागून, अगदी इंदुबाईच्या बैठकीखालून, आवाज आला. ठक्.

पाणी हलतं की नाही याची एवढी चौकशी इंदुबाईसाठी नव्हती. ती होती प्रतिक्षासाठी, त्यांच्या एकुलत्या एका लेकीसाठी. तिला रोह्याजवळ वरशाला दिली होती. जावई प्रविण कंपनीत शिफ्टवर जायचा, घर चांगलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी प्रतिक्षाचा पाचवा महिना चालू असताना सगळं वाहून गेलं. त्याच आठवड्यात ती एसटीने माहेरी येऊन गेली होती. एसटीच्या धक्क्यांनीच घात केला असं सासूने, सीताबाईने, ठरवून टाकलं, आणि सीताबाईने एकदा ठरवलं की ते दगडावरची रेघ. आता पुन्हा दिवस गेले होते. पेणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळंतपणाला इकडे आणायचं तर आताच आणा, सावकाश आणा, शेवटी शेवटी प्रवास नको. सातवा सरत आला होता. आठव्यात गरोदर बाईने वेस ओलांडायची नाही, हे दोन्ही घरांत पक्कं होतं. म्हणजे आजचा दिवस हुकला की सगळंच हुकलं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुंडलिकने तर गाडीच फुंकून घेतली. ही फियाट एरवी पेणच्या स्टँडवरून भाड्याने फिरायची आणि हंगामात धरमतरकडच्या त्याच्या मिठागरावरून मिठाची पोती वाहायची. फियाटीत पोती भरणारा माणूस फक्त आमच्या खाडीकाठीच सापडेल. त्या वजनाने गाडीचं ढुंगण रस्त्याला टेकू नये म्हणून मागच्या स्प्रिंगांत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांत, दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकलेला होता. त्यामुळे पोती सुखाने बसायची आणि माणसं उडायची. म्हणून काल दुपारी पुंडलिकने अंगणातच गाडी जॅकवर चढवली आणि दोन्ही जादा पाटे काढून टाकले. मेकॅनिकला बोलावलं नाही. लेकीसाठी करायचं ते आपल्या हाताने करावं, असं त्याला वाटलं. वाटणं चांगलंच होतं, पण वाटण्याने नट आवळले जात नाहीत.

नागोठण्यापर्यंत आवाज आणखी काही वेळा आला. पुंडलिकने कॅसेट बंद केली, काचा खाली केल्या, इंदुबाईला गप्प बसायला सांगितलं. ती गप्पच होती. एका मोठ्या खड्ड्यातून त्याने मुद्दाम गाडी घातली, तर काही वाजलं नाही. त्याला बरं वाटलं. भिसे खिंडीच्या चढावर गिअर बदलला आणि पुन्हा ठक्. एक्सेल तुटलं तर? चाक निखळलं तर? आता मागे एकटी इंदुबाई होती, पण येताना मागच्या सीटवर कोण बसणार होतं, हे त्याला एक क्षणही विसरता येईना.

वरशाला सीताबाईने पाहुणचारात कसर ठेवली नाही. वालाची आमटी होती, तळलेली सुरमई होती. पुंडलिकने अर्ध्या भाकरीवरच हात धुतला. आत प्रतिक्षाची ओटी भरली जात होती आणि बाहेर तो नि प्रविण गाडीभोवती फिरत होते. प्रविणने मागून दाबून दाबून गाडी हलवली, दोन्ही चाकांना लाथा घातल्या, खाली वाकून बघितलं. उभी गाडी सोवळ्यातल्या बाईसारखी गप्प राहिली. मग डिकी उघडली. आणलेले तांदूळ, सुकट, मिठाची पिशवी बाहेर निघाली आणि तळाशी स्टेपनीमागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. पुंडलिकने सोडून बघितलं तर त्याचेच ते काढलेले दोन पाटे.

इंदुबाईला हाक गेली. तिने अजिबात सारवासारव केली नाही. गरोदर बाई प्रवासाला निघाली की बाहेरची बाधा होऊ नये म्हणून तिच्यासोबत लोखंड असावं लागतं, हे तिच्या आईने तिला सांगितलं होतं, आणि आईला आईच्या आईने. बाकीच्या बाया विळा घेतात, अडकित्ता घेतात. खिंडीतून जायचं म्हणून तिने घरातलं सगळ्यात जड लोखंड घेतलं होतं.

पुंडलिक चिडला, आणि चिडता चिडता त्याला हसू फुटलं. लोखंडावर लोखंड आपटत होतं, दुसरं काय! केवढा जीव टांगणीला लागला होता. पाटे तिथेच अंगणात टाकून द्यायला तो निघाला, पण इंदुबाई आडवी आली. शेवटी त्याने ते गोधडीत करकचून बांधले आणि पुन्हा डिकीत ठेवले. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, पण हे त्याला कुठं ठाऊक? त्याने मागवून आणखी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

निघताना सीताबाई दारापर्यंत आली. "मागची गोष्ट मी काढत नाय," असं म्हणत तिने ती काढलीच. "पण व्याही, सांभाळून न्या. ह्या खेपेला माझ्या प्रविणचं तोंड बघवणार नाय मला." पुंडलिकने मान डोलावली. त्याला वाटलं तेवढी ती कडक नव्हती. तीही घाबरलेलीच होती.

प्रविणची दुपारची शिफ्ट होती, तो मागे राहिला. प्रतिक्षा आईजवळ मागच्या सीटवर बसली. पुंडलिकने हलकेच पहिला गिअर टाकला.

ठक्.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी गत. गाडी थांबवावी तर सीताबाई दारात उभी. तिने एकदा सुनेला उतरवून घेतलं की संपलं. जाता जाता रोह्यात दाखवावी म्हटलं, तर ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या दाराला कुलूप होतं. लोखंड वाजतंय, लोखंडच वाजतंय, असं स्वतःला बजावत त्याने गाडी नागोठण्याच्या रस्त्याला घेतली. मग तो बोलत सुटला. मिठाचा भाव, शेजारच्या जनीचं लग्न, पेणला आलेलं नवं रसवंतीगृह, काय वाट्टेल ते. आवाज यायची वेळ झाली की त्याचा स्वर चढायचा. आरशात प्रतिक्षा दिसत होती. ती कशालाच हं म्हणत नव्हती. एक हात पोटावर ठेवून ती बाहेर बघत होती.

खिंडीच्या माथ्यावर ती बोलली.

"बाबा, गाडी थांबवा. आई म्हणते तसं लोखंड नाय वाजत ते. वरशापासून ऐकतेय मी. खड्ड्यात एकदाही वाजलं नाय. तुम्ही ब्रेक लावता आणि गिअर बदलता, तवाच वाजतंय."

पुंडलिकने गाडी कडेला घेतली. ती बोलली आणि त्याला लख्ख कळलं. गाडी वर-खाली होताना जे वाजत नाही आणि पुढे-मागे ओढली जाताना वाजतं, ते म्हणजे जागेवरून सरकणारं एक्सेल. त्याने चाकांना दगड लावले आणि तो खाली शिरला. एक्सेलला पाट्यांशी जखडणाऱ्या बोल्टवर हात फिरवला तर नट घट्टच होते. काल त्याने अंगातली सगळी ताकद लावून आवळले होते. पण जादा पाटा काढल्यावर पाट्यांचा गठ्ठा बारीक झाला होता आणि बोल्ट मात्र जुनेच, लांब. नट आटे संपले तिथे जाऊन अडकला होता आणि पाटे आत सैल राहिले होते. फटीत त्याचं नख सहज गेलं.

लेकीला धक्का लागू नये म्हणून त्याने जे केलं होतं, त्याच्याच भरवशावर तो तिला खिंड उतरवणार होता. त्याला खाली तसंच पडून राहावंसं वाटलं.

बाहेर येऊन त्याने, घाबरू नको बाय, सापडलं, असं सांगितलं.

"मी गाडीला घाबरत नाय, बाबा." प्रतिक्षाचा आवाज अगदी लहान झाला होता. "सकाळपासून पोटात हललं नाय."

इंदुबाईने तिचा हात घट्ट धरला. मग प्रतिक्षाच म्हणाली, की सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी निघू दिलं नसतं, आणि बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी ह्या असल्या गाडीत वेग घेतला असता. खरं होतं. आताही त्याला तेच करावंसं वाटत होतं, उडी मारून बसावं आणि डॉक्टरीणबाईंचं दार गाठावं. पण उतार समोर होता आणि एक्सेल सैल होतं.

काखेत कळसा म्हणतात तो डिकीत होता. पुंडलिकने गोधडी सोडली. इंदुबाईने लेकीला उतरवून सावलीत बसवलं आणि त्याच गोधडीची घडी तिच्या पाठीशी दिली. काल जे पाटे काढताना पुंडलिक गाणं गुणगुणत होता, ते आता तो घाईघाईने परत घालत होता. पान्हा दोनदा निसटला, बोटाची साल गेली. तो काम करत होता आणि त्याचा कान सावलीकडे लागला होता. हललं का गो, असं इंदुबाई अधूनमधून विचारायची.

नट आवळले. या वेळी ते आट्यांच्या मध्यावर थांबले आणि पाटे खरोखर दाबले गेले. तो हात पुसत उभा राहिला.

"आता गाडी तुटायची नाय," तो म्हणाला. "पण बाय, एकेक खडा लागेल तुला."

"लागू दे," ती म्हणाली.

उतार सुरू झाला. वळणावर ब्रेक लावला, काही वाजलं नाही. गिअर बदलला, काही वाजलं नाही. दिवसभर ज्या शांततेसाठी तो तडफडला होता ती आली होती, आणि आता तीच त्याला सोसवत नव्हती. जुनी फियाट जुन्यासारखीच चालत होती, टणटणीत, मिठाची पोती वाहणारी. तो खडे चुकवत होता, खळगे चुकवत होता, बैलगाडीलाही लाज वाटेल इतक्या हळू चालवत होता. खिंडीच्या पायथ्याशी रस्त्याखालची मोरी खचली होती. समोरून ट्रक आला आणि चुकवायला जागाच उरली नाही.

गाडी दणकन आपटली. प्रतिक्षा सीटवरून उडाली आणि आई गं म्हणून ओरडली. पुंडलिकने गाडी थांबवली, पण आरशात बघायची त्याला छाती होईना. दोन वर्षांपूर्वीचा तिचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"बाबा," मागून आवाज आला. "हललं."

तो वळला. प्रतिक्षाचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. इंदुबाईचा हात तिच्या पोटावर होता. परत हललं, परत हललं, असं म्हणत इंदुबाई हसतही होती आणि रडतही होती. डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतंच, पेण अजून लांब होतं, पण पुंडलिकला गाडी सुरू करणं सुचेना. त्यालाही हात लावून बघायचं होतं. पण बापाने लेकीच्या पोटाला हात लावायची रीत आमच्याकडे नाही. म्हणून त्याने हात नुसता मागे नेला आणि सीटच्या कडेवर ठेवला.

प्रतिक्षाने तो उचलला आणि पोटावर ठेवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तळव्याखाली आतून एक ठोका बसला, चांगला जोराचा.

त्याच्या बोटांना काळं ग्रीस होतं. ओटीच्या नव्या साडीला लागेल म्हणून तो हात काढून घेऊ लागला. तिने काढू दिला नाही.