मिस ऑर्मचं कललेलं घर

हेस्टर पगनं घराच्या पायाशी गुडघे टेकले आणि खांबांखालच्या आडव्या तुळईत टोच्या खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"कुजलीय," ती म्हणाली. "पण एवढीच."

"एवढीच?" वेनबरी नगरपालिकेचा कडक इस्त्रीच्या कोटातला तरुण इंजिनियर प्रॉसर वर बघत म्हणाला. वरचा मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला, आणि सगळं घर शेजारच्या बेकरीकडे झुकलेलं. "अहो बाई, हे पडायला आलंय. मी पाडायची नोटीस काढतोय."

"साडेतीनशे वर्षं पडायलाच आलंय ते," घराची मालकीण मिस ऑर्म तळमजल्यावरच्या आपल्या हॅटच्या दुकानातून ओरडली. "तुमचं वय काय हो?"

हेस्टर हसली नाही. वडिलांच्या हाताखाली शिकून तीस वर्षं ती याच गावातली लाकडी घरं दुरुस्त करत आली होती. "साहेब, ओकचं लाकूड ओलं असतानाच ही घरं उभी करायचे. वाळताना लाकूड पिळलं, घर झुकलं, सांधे घट्ट बसले आणि ते थांबलं. सांध्यांतली एकही खुंटी सुटलेली नाही, मी प्रत्येक पाहिलीय. घात केला तो बाहेरून थापलेल्या सिमेंटनं. ओल आत कोंडली. मला आठ दिवस द्या. नाही जमलं तर तुमची नोटीस मीच दारावर ठोकते."

प्रॉसरनं आठ दिवस दिले.

सहाव्या दिवशी कुजलेली तुळई बदलायला घर जरासं उचलायचं ठरलं. मिस ऑर्म वरच्या मजल्यावरून खाली यायला तयार होईना.

"मी इथंच चहा घेतेय."

"मग मी चालले घरी," हेस्टर म्हणाली. बाई किटलीसकट खाली आल्या.

चार जॅक लागले. हेस्टर बोट दाखवी, तसा तिची माणसं एकेका जॅकला पाव फेरा देत. खांब केसभर उचलले, आणि आतून काडकन आवाज झाला. धूळ उडाली.

"थांबवा!" प्रॉसर किंचाळला.

हेस्टरचा हात आधीच वर गेला होता. तिनं खांबाला तळवा लावला, कान दिला, आणि सरळ आत शिरली. सांधे जागच्या जागी होते. मागाहून कोणीतरी खांबाला आणि जमिनीला खिळ्यांनी ठोकून बसवलेलं कपाट मात्र फाटत होतं. तिनं करवत मागवली.

"आईचं कपाट आहे ते!" मिस ऑर्म दारातून कळवळली.

"आईचं घरही आहे हे. एक काय ते सांगा."

मिस ऑर्मनं तोंड फिरवलं. "काप."

कपाट सुटलं, खांब गुमान वर आले. जुनी तुळई भुगा होऊन निघाली, नवी ओकची आत सरकली. संध्याकाळी जॅक उतरवले, तेव्हा घर हूं की चूं न करता तिच्यावर बसलं.

प्रॉसरनं ओळंबा सोडून पाहिला. "पहिल्याइतकंच झुकलंय."

"मग? सरळ करायचं कोणी सांगितलं होतं?"

तो पहिल्यांदाच हसला. "मिल स्ट्रीटवरच्या दोन घरांच्या नोटिसा तयार आहेत. आधी तुम्ही बघाल का?"

"बघते. पण तुम्हीही या," हेस्टर हात पुसत म्हणाली. "आणि हा कोट घालून नको."