डोंगराचा आडवा जोर

बुरुलने बोगद्याच्या तोंडाशी दगडाच्या नमुन्यांची पेटी उघडली. सकाळी बोगद्याच्या तळात उभं भोक पाडून काढलेली दगडाची कांडी अखंड निघायला हवी होती. पेटीत होत्या नुसत्या चकत्या, लग्नाच्या ताटात चुचुक, म्हणजे घोड्याचं मांस भरलेलं आतडं, कापून लावतात तशा पातळ.

नारिन नदीकाठच्या कालव्यांवर तिची कैक वर्षं मातीचं काम करण्यात गेली होती. पाणी चहूबाजूंनी सारखंच रेटतं, माती आडवी रेटते ती वरच्या वजनाच्या जेमतेम निम्म्याने, हे तिला तोंडपाठ. तोच हिशेब तिने बोगद्याला लावला आणि छताला भक्कम टेकू दिले. पण हे डोंगर दोन्हीकडून दाबले जाऊनच वर आलेले! इथला खडक वरच्या वजनाहून कितीतरी जास्त जोराने आडवा आवळत होता, म्हणून तर कांडीच्या चकत्या झाल्या. सगळ्यांचं लक्ष छताकडे, आणि फुटणार होता तळ. त्या तळावर आत्ता मुकादम आणि दोन कामगार असे तिघे उभे होते.

तिने आत फोन लावला. मुकादम म्हणजे तिचा थोरला दीर, महाहट्टी माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, तळावरचे रूळ थोडे वर उचलले गेल्याचंही कबूल केलं, पण टेकूंवर भारच नाही म्हणाला. उरलेली भोकं मारूनच तो बाहेर येणार होता.

"भार नाही तेच वाईट आहे, भाऊजी. जोर बाजूने येतोय."

"बाजूने निम्माच येतो ना? परवा चहा ओतताना तूच शिकवत होतीस."

"चुकलं माझं. बाहेर या."

"सूनबाई, घरी वाकून सलाम करतेस तेवढं पुरे. इथे मला हुकूम सोडू नकोस."

फोनमध्ये त्याच्या मागचे दोघे हसले आणि भोकं पाडायचं यंत्र पुन्हा सुरू झालं. वीज तोडली असती, तर हा अंधारातही तिथेच ठाण मांडून बसला असता. सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. लग्न झाल्यापासून बुरुलने या दिराचं नाव झोपेतही घेतलं नव्हतं. तिने फोन ठेवला, बोगद्यातल्या भोंग्याचं बटण दाबलं आणि माईक तोंडाशी धरला.

"शेरमात," ती म्हणाली. "ए शेरमात, बाहेर ये."

यंत्र थांबलं. थोड्या वेळाने तो बोगद्याच्या तोंडाशी आला, रागाने लालबुंद. मागोमाग ते दोघेही आले. असला तमाशा कोण सोडतो? त्याने बोलायला तोंड उघडलं, तोच आत तोफ उडावी तसा आवाज झाला. पायाखालची जमीन हादरली आणि धुळीचा लोट तिघांच्या पाठीवर येऊन आदळला. आतले दिवे सगळे गेले होते.

शेरमातने हेल्मेट काढलं, तो पेटीशेजारी बसला आणि एक चकती उचलून बोटांत फिरवू लागला.

"आईला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला.

"तळ फुटल्याचं?"

"नाव घेतल्याचं."

बुरुलने मान डोलावली, आणि मग तिला रडू आवरेना.