कामाच्या जागेचा नकाशा

मनस्वी साथीच्या आजारांवर लक्ष ठेवणाऱ्या एका संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होती. आजार एखाद्या भागात नेहमीपेक्षा दाटतोय का, हे ती नकाशावर तपासायची. श्रावणात तिने काविळीच्या रुग्णांचे पत्ते टाकले, तर ठिपके रोडपालीपासून पार उरण रस्त्यापर्यंत विखुरलेले. कुठेच दाटी नव्हती. "साथ नाही," असं तिने वरिष्ठांना कळवलं.

महिन्याभराने गव्हाणची किशोरी आजारी पडली. सातवा महिना चालू होता. दूषित पाण्यातून होणारी ही कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते, म्हणून मनस्वी स्वतः घरी गेली. किशोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. नवरा, हितेश, तिला दवाखान्यात न्यायला गाडी काढत होता.

"पाणी उकळून पिता ना?" मनस्वीने विचारलं.

"घरात सगली उकललेलंच पितो आमी," सासू हौसाबाई म्हणाली. "कोनाला काय नाय. हिलाच कशी झाली?"

मनस्वी किशोरीकडे वळली. "दिवसभर कुठे असता?"

"कळंबोलीला. लोखंड बाजारात, गोदामाच्या ऑफिसात. पाणी तिथलंच."

गाडी गेली. मनस्वीने ओटीवर बसूनच बाकीच्या रुग्णांना फोन लावले. रोडपालीचा एक जण त्याच बाजारात क्रेन चालवायचा. दुसऱ्याची तिथे चहाची टपरी होती. ऑफिसात येऊन तिने घरांऐवजी कामाच्या जागा टाकल्या, आणि बहुतेक ठिपके एकाच गल्लीत गोळा झाले. गल्लीतला पाण्याचा पाइप गटारातून जात होता, आणि त्याला तडा गेला होता. पाणी तोडलं, टँकर आले. हळूहळू नवे रुग्ण यायचे थांबले.

तोवर किशोरी आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली होती. तिचं लिव्हर निकामी झालं होतं.

मनस्वी पुन्हा गव्हाणला गेली. पहिला नकाशा काढला तेव्हा किशोरी ठणठणीत होती, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

हितेश दारातच उभा होता. "पानी बंद केला ना? मग पयले का नाय?"

"मी नुसती घरं बघत होते," ती म्हणाली. हितेश आत निघून गेला.

हौसाबाईने तिला बसायला सांगितलं. मग विचारलं, "त्या गल्लीत आता कोन आजारी नाय ना?"

"नाही."

"बरा झाला," म्हातारी म्हणाली, आणि तिने पदर तोंडाशी घेतला.