ताईचा पट्टा

दवाखान्यात गुडघ्याचे पट्टे बसवणाऱ्या बाईंनी मापाची टेप गळ्यातून काढली आणि म्हणाल्या, "पँट काढा. पडद्यामागे टॉवेल आहे, तो गुंडाळून बाहेर या."

फरशीवाल्याने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पँटवरून नाही का घेता येत माप?"

"येतं की. मग पट्टाही पँटवरूनच बांधा. चार पावलं गेलात की घोट्यावर उतरेल."

मेहुणी खुर्चीत बसून खुदकन हसली. "जा हो भावजी, नव्या नवरीसारखे लाजू नका. इथे कुणाला पडलंय तुमच्या तंगड्यांचं?"

तो पडद्यामागे गेला. पँटच्या आत, उजव्या गुडघ्यावर, बायकोचा पट्टा होता.

महिन्याभरापूर्वी एका न्हाणीघरात लाद्यांचा खोका उचलून वळताना त्याचा पाय ओल्या सिमेंटवरून सरकला आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतल्या अंगाचा लिगामेंट अर्धा फाटलाय. दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला पट्टा घ्या, गुडघा आत वळू देऊ नका. उरलेला अर्धा गेला तर ऑपरेशन, आणि त्यानंतर गुडघे टेकून बसणं विसरा. फरशी बसवणारा माणूस गुडघे टेकणं विसरला तर त्याने करायचं काय?

त्याने मान डोलावली होती, घरी आला होता आणि कपाट उघडलं होतं. बायकोचा गुडघा झिजला होता, तोही उजवाच. तिला वाकता यायचं नाही, म्हणून तो रोज सकाळी तिच्यापुढे जमिनीवर बसून पट्टा बांधून द्यायचा. आधी पोटरीचा बंद, मग मांडीचा, मग तिरका. ती जाऊन वर्ष होत आलं, पण बोटांना अजून सगळं पाठ होतं. त्याने तोच चढवला. नवीन घेतलाय, असं सगळ्यांना सांगून वेळ मारून नेली.

गुडघा बरा व्हायचा सोडून जास्तच सुजत गेला. जिना उतरताना दगा द्यायला लागला. आज सकाळी डॉक्टरांनी तो पँटवरूनच चाचपला आणि कपाळाला आठी घातली. "खाली जाऊन नीट पट्टा बसवून घ्या आणि वर या. मग बघतो, ऑपरेशन करायचं का."

"झोप लागली का आत?" मेहुणी ओरडली.

त्याने घाईघाईने पँट उतरवली, बंद सोडले आणि पट्टा स्टुलावर ठेवला. पट्टा पँटमध्ये गुंडाळायला गेला, पण एका पायावर तोल राहीना म्हणून पडदाच धरला. पडदा दांडीसकट खाली आला.

मेहुणी उठून धावली. त्याला धरलं. मग तिची नजर स्टुलावरच्या पट्ट्यावर गेली आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. मांडीच्या बंदाला निळ्या दोऱ्याची जाड शिवण होती. ती तिनेच घातली होती, बहिणीसाठी.

"हा ताईचा आहे."

त्याने टॉवेल कमरेला गुंडाळला.

"महिनाभर हा घालताय? आणि मला विचारल्यावर म्हणालात, चांगल्यातला घेतलाय, धाकटे, काळजी नको करू!"

"चांगलाच आहे की. तिला आराम पडायचा."

बाईंनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. "तुमच्या मिसेसचा गुडघा आतल्या बाजूने झिजलेला होता का?"

"हो."

"मग त्यांना आराम पडणारच." बाईंनी स्वतःच्याच गुडघ्यावर तो धरून दाखवला. "हा बाहेरून आत दाब देतो. आतली हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून तिथली फट उघडी ठेवतो. आणि तुमचं फाटलंय तेही नेमकं तिथेच. जे जवळ राहायला हवं ते तुम्ही रोज सकाळी ताणून बांधत होता."

फरशीवाल्याची नजर तिरक्या बंदावर गेली. रोज सकाळी. घट्ट बसावा म्हणून तिरका बंद तर तो मुद्दाम एक हिसका जास्त देऊन ओढायचा.

बाईंनी मांडीचं आणि पोटरीचं माप घेतलं. दोन पट्टे समोर ठेवले. एक मोज्यासारखा पायातून वर ओढायचा, दुसरा पुढून पूर्ण उघडणारा.

"सूज आहे, तेव्हा मोज्याच्या नादी लागू नका. हा उघडा घ्या. दोन्हीकडे बिजागरी आहे. गुडघा पुढेमागे वाकेल, आत-बाहेर नाही."

"याच्यावर गुडघा टेकता येईल?"

"भावजी!" मेहुणीचा आवाज चिरकला.

"सध्या नाही," बाई म्हणाल्या. "आता तुमच्या हाताने बांधा."

त्याला जमेना. महिनाभर स्वतःला बांधूनही हात अजून समोर बसलेल्या बायकोच्या गुडघ्याकडे निघायचे. बिजागरी एकदा खाली गेली, एकदा पुढे आली. बाईंनी मदत केली नाही. मेहुणी पुढे सरकली, तिलाही त्यांनी हातानेच थांबवलं. शेवटी बिजागऱ्या गुडघ्याच्या मधोमध आल्या.

वर डॉक्टरांनी पट्टा पुन्हा सोडायला लावला. पाय किंचित वाकवून एक हात गुडघ्याच्या बाहेरून लावला, दुसऱ्याने घोटा धरला आणि दाबलं. कळ मांडीपर्यंत गेली. गुडघा आत सरकला. आणखी सरकला. फरशीवाल्याने पलंगाची कड धरली. मेहुणी खिडकीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टरांनी डोळे मिटून पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं.

"थांबतोय," ते म्हणाले. "सैल झालाय चांगलाच, पण शेवटी अडतोय. तुटलेला नाही. ऑपरेशन सध्या नको. पण आता पहिल्यापासून सुरुवात, आणि हाच पट्टा. आधीचा कुठला लावत होता?"

मेहुणीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"बायकोचा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर आल्यावर मेहुणीने पिशवीतून जुना पट्टा काढला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. ओरडले मघाशी, पण वस्तू तुमच्या घरची आहे. मी कोण ठेवून घेणारी?"

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"तुझ्याकडे असू दे."

"अहो, घ्या ना. कपाटात ठेवा."

"घरात असला तर सकाळी हात जाईल, धाकटे."

ती पट्टा धरून तशीच उभी राहिली. तो भिंतीचा आधार घेऊन पुढे निघाला, एकेक पाऊल बघून टाकत.