ओ देऊ नका

दुपारी चारच्या सुमारास जुन्या तुरुंगाच्या महिला विभागात एका कोठडीचं दार आपोआप लागलं. आत एक बाई होती. तिचा दम्याचा पंप फाटकाबाहेर, मुलीच्या पर्समध्ये होता.

पर्स आत न्यायला मनाई होती, म्हणून मुलगी सगळ्यांचं सामान सांभाळत तिकीट खिडकीपाशी बसली होती. आईवडील आत गेले होते. वडिलांचं चष्म्याचं दुकान, आई घरी ब्लाउज शिवते. तुरुंग बघायचा हट्ट आईचाच. तिथे भूत आहे हे तिला एका गिऱ्हाइकाने मापं देता देता सांगितलं होतं.

महिला विभागात गाइडने सगळ्यांना थांबवलं.

"इथल्या एका कैदी बाईचा नवरा भिंतीपलीकडे, पुरुषांच्या बाजूला होता. ती त्याला रोज हाक मारायची. अजून मारते. ऐकू आली तर ओ देऊ नका. ज्याने ओ दिली, त्याचं काही खरं नाही."

"काय म्हणून हाक मारते?" कोणीतरी विचारलं.

"बायका नवऱ्याला काय म्हणतात? अहो."

लोक हसले. "मग आमच्या ह्यांना काही धोका नाही," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "घरी तरी कुठे ओ देतात."

पुढे फाशीघराचा जिना उभा होता. "मला नाही बाई जमायचं. मी बाहेर जाऊन मुलीपाशी बसते," ती नवऱ्याला म्हणाली. बरं म्हणून तो वर गेला.

ती लगेच बाहेर गेली नाही. परतताना एका कोठडीत डोकावली आणि आत शिरली. या कोठड्यांची दारं बाहेरून बंद होतात आणि कडी स्वतःच्या वजनानेच खाली पडते. म्हणून प्रत्येक उघड्या दाराखाली लाकडी पाचर लावलेली असते. त्या दाराची पाचर निघाली होती. आधीच्या घोळक्यातल्या कोणी फोटोसाठी दार हलवलं असावं.

वर लोक फाशीघरात असताना खालून हाक आली. "अहो."

गाइडने ओठांवर बोट ठेवलं. तिथल्या प्रत्येक नवऱ्याने आधी शेजारी बघून घेतलं. "माझी इथेच आहे," एकजण पुटपुटला. चष्मेवाल्याने बघितलं नाही. त्याची बाहेर होती, मुलीपाशी. एका कॉलेजच्या मुलीने मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"अहो." या वेळी बारीक. मग धाप लागल्यासारखं काहीतरी, आणि मग काहीच नाही.

"आज बाई जोरात आहेत," गाइड हळूच म्हणाला.

फाटकाबाहेर मुलीने विचारलं, "आई कुठंय?"

"तुझ्याकडेच आली ना?"

"नाही."

 तो वळला आणि धावत सुटला. "काका, एकदा बाहेर आलात की तिकीट परत काढावं लागतं," फाटकावरचा माणूस म्हणाला. "आणि ताई, पर्स आत नाही चालणार." मुलगी त्याला ढकलून आत घुसली.

महिला विभागात काही दारं उघडी होती, काही कायमची बंद. त्याने "अगं, ए" म्हणून हाका मारल्या. मग नावाने मारली. मुलीने ते नाव वडिलांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आतून कोणी ओ दिली नाही. मागून आलेल्या गाइडने एकेक कडी उचलायला सुरुवात केली. ती सापडली तेव्हा भिंतीला टेकून बसलेली होती. ओठ निळे पडले होते. मुलीने पंप तोंडाशी धरला, पण तो ओढायला तिच्यात श्वास नव्हता.

संध्याकाळी गाइड हॉस्पिटलात आला आणि कोपऱ्यात उभा राहिला. "मला वाटलं, ऑफिसने लावलं," तो म्हणाला.

"काय लावलं?"

"हाक. रेकॉर्ड केलेली आहे. गर्दी असली की लावतात."

"मग ओ देऊ नका कशाला सांगता लोकांना?" मुलीने विचारलं.

"कोणी ओ दिली की सगळे हसतात. मजा जाते."

ऑफिसचं म्हणणं, आज हाक लावलीच नव्हती. लावणारा माणूस रजेवर आहे.

कॉलेजच्या मुलीने रेकॉर्डिंग गाइडला पाठवलं होतं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर चष्मेवाल्याने ते कानाशी धरून ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मुलीने त्याच्या हातातून मोबाइल घेतला.

"आईच आहे, बाबा."

"असेल."

"असेल काय?"

"सगळ्यांच्या बायका तसंच म्हणतात गं."

 गाइड चहा आणतो म्हणून गेला.

रात्री आठपर्यंत कळलेलं असं: तिच्या घशात नळी आहे, त्यामुळे बोलता येत नाही. डोळे एकदा उघडले होते. पुढचं उद्या सकाळी सांगू, असं डॉक्टर म्हणाले. आत एका वेळी एकालाच सोडतात. मुलगी जाऊन आली. वडील अजून गेलेले नाहीत.