माझं ऐकून नापास झालेली मुलगी

आजवर मी दुसऱ्यांचंच बोललो. आज थोडं माझं बोलतो.

मी एक टेपरेकॉर्डर. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे, तिथल्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो. अंगावर एक फडकं होतं. खडूचे हात पुसायला म्हणून कुणीतरी ते नेलं, ते काही परत आलं नाही. तेव्हापासून धूळ थेट अंगावरच बसते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो खोक्यातून बाहेर आलो तो दिवस. परकी भाषा शिकवणाऱ्या बाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं, टेबलावर ठेवलं आणि रुमालाने पुसलं. मी कोरा करकरीत होतो, पुसायचं कारणच नव्हतं. पण माणूस ज्याची फार वाट बघतो, त्याला उगाच हात लावत राहतो.

माझ्याबरोबर एक कॅसेट आली होती. त्या कॅसेटमध्ये परमुलखातली एक बाई बोलायची. नमस्कार म्हणायची, स्टेशनचा रस्ता विचारायची, छत्री हरवली म्हणून हळहळायची. आमच्या बाई त्या मुलखात कधी गेल्या नव्हत्या. जे काही शिकल्या ते पुस्तकातून. मुलांना त्या सांगायच्या, "माझा उच्चार चुकला तर हिचं ऐका. ही तिथली आहे."

म्हणजे बघा, शेवटचा शब्द माझा.

तेव्हा ही भाषा ज्याला हवी त्याने घ्यायची अशी होती. वर्गात पाच मुलं. खोलीत खुर्च्या भरपूर, म्हणून शिक्षकांच्या बैठका तिथेच व्हायच्या. अशाच एका बैठकीत बाईंनी विषय काढला, की ही भाषा सगळ्यांना सक्तीची करा.

गणिताचे सर खुर्चीतून उठलेच. "अहो बाई, पोरांना आपल्या भाषेत रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही. त्यांच्या गळ्यात आणखी हे लोढणं कशाला?"

"निवडा म्हटलं की कोण निवडतं ते बघा ना सर. डॉक्टरांची मुलगी, वकिलांचा मुलगा. लाँड्रीवालीच्या पोरीने कधी हात वर केलाय? तिला वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच मुळी. सक्ती असली तर ती बसेल तरी वर्गात."

"आणि नाही जमलं तिला तर?"

"मी आहे ना."

हेडसरांनी ते लिहून घेतलं. पुढच्या वर्षापासून पाचाची बेचाळीस मुलं झाली. बाकं कमी पडली, खिडकीच्या कट्ट्यावरही पोरं बसू लागली.

बेचाळीस जण ऐकायला बसले म्हणून बेचाळीस जण ऐकत नसतात. मी बोलत असायचो आणि पोरं परक्या शब्दांवर आपली अक्षरं लिहून घ्यायची, गाइडं घोकायची, परीक्षेत ओकायची आणि पास होऊन जिना उतरेपर्यंत विसरायची. माझं बटण दाबायला मात्र रोज भांडण. "काल तू दाबलंस!" "मी कुठे, त्याने दाबलं!" दाबून दाबून बटणावरचा रंगच गेला.

अशी नऊ वर्षं गेली, आणि वर्गात खरोखरीच एक लाँड्रीवालीची पोर आली.

सगळे तिला चिमटी म्हणायचे. सकाळी आईबरोबर कपडे वाळत घालून थेट शाळेत यायची, म्हणून खिशात कपड्यांचे चिमटे असायचे. बसली की कटकट वाजायचे. लाँड्रीतली धुलाईची यंत्रं बंद पडली की तीच खोलायची आणि तीच जोडायची. तिला तंत्रशाळेत जायचं होतं. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती आणि ती सगळ्यांना सांगून झाली होती, शिपायालासुद्धा. तिथे प्रवेशाची अट साधी होती, शाळेचे सगळे सक्तीचे विषय सुटलेले हवेत.

बाकीचे सगळे सुटणार होते. अडत होतं ते या भाषेशी. लेखीत ती कशीबशी तरायची, तोंडीची धास्ती होती. तोंडी परीक्षेत वेगळं पास व्हावं लागे.

मग ती मधल्या सुट्टीत यायची. "बाई, मशीन लावू?"

"लाव गं. जेवलीस का पण?"

"ऐकता ऐकता जेवते."

डबा मांडीवर आणि कान माझ्याकडे. नऊ वर्षांत माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं. एक वाक्य दहा-दहा वेळा मागे घ्यायची. सूर जसा वर जायचा तसा तिचा वर जायचा, जिथे मी श्वास घेई तिथे ती घेई.

आता माझा गुन्हा सांगतो.

माझ्या पोटात रबराचा एक पट्टा आहे. तो फिरला की कॅसेट फिरते. वर्षानुवर्षं फिरून तो ढिला पडत गेला. आवाज केसभर रेंगाळायला लागला, पुढच्या वर्षी आणखी केसभर. बाई रोज ऐकत होत्या, म्हणून त्यांना कळलं नाही. घरातलं मूल वाढलेलं घरच्यांना दिसत नाही, तसं. मला कळत होतं का? खरं सांगतो, कळत होतं. अंगात कणकण आल्यासारखं व्हायचं. पण सांगू कोणत्या तोंडाने? माझं तोंड म्हणजे ती कॅसेटमधली बाई, आणि ती छत्रीशिवाय दुसरं काही बोलायची नाही.

चिमटीच्या वर्षापर्यंत ती बाई कुणाच्या तरी मौतीहून आल्यासारखी बोलू लागली होती. आणि चिमटीने ते तसंच्या तसं उचललं. बाई तर म्हणायच्या, "सावकाश बोलतेस ते छान. घाई नको."

तोंडी परीक्षा याच खोलीत झाली. परीक्षक बाहेरचे होते, त्या मुलखात राहून आलेले. नियमाप्रमाणे बाई बाहेर बाकावर. मी टेबलाच्या कडेला.

घोकणारे आले, पुटपुटले, निम्मं विसरले, पास झाले. चिमटी आली. खिसे रिकामे करून आली होती, वाजू नयेत म्हणून. परीक्षकांनी विचारलं आणि ती एकही शब्द न चुकता बोलली. आपल्या भाषेत सांगायचं तर असं, "माऽऽझी छऽऽत्री हऽऽरवली."

परीक्षकांनी लेखणी खाली ठेवली. "हे काय चाललंय?"

ती घाबरली. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटून तिने आणखी नीट, आणखी माझ्यासारखं म्हटलं.

"टवाळी करतेस माझी? असं कोण बोलतं?"

"ही बोलते, सर," तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांना तो आणखी एक टोमणा वाटला. त्यांनी शून्य मांडलं. एक बटण दाबायचं होतं फक्त, माझं मी दाबू शकलो असतो तर.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती पेचकस घेऊन आली. "बाई, याला उघडू द्या."

"अगं, शाळेची वस्तू आहे ती."

"काल आमचं मशीन कण्हत होतं. त्याचा पट्टा ढिला झाला की कपडे असेच गरगर न फिरता लोळतात. ते बघता बघता माझ्या एकदम डोक्यात आलं. उघडू द्या ना."

तिने माझं पोट उघडलं. आतून पट्टा काढून बोटाला गुंडाळला तर तो लोंबलाच. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून तिने नवा आणला होता, तो बसवला, चार पेच आवळले, बटण दाबलं.

खोलीत एक तरुण मुलगी बोलायला लागली. भरभर, खेळकर. छत्री हरवल्याचं तिला काही दुःखच नव्हतं, ती तर हसत होती! नऊ वर्षांत आम्ही तिची म्हातारी करून टाकली होती.

चिमटीला हसू फुटलं. "अगंबाई, ही तर माझ्याएवढीच आहे!" मग तिने बाईंकडे पाहिलं आणि बटण बंद केलं. बाई खुर्ची धरून उभ्या होत्या.

बाई मला पिशवीत घालून आणि जुना पट्टा पाकिटात ठेवून परीक्षेच्या कार्यालयात गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पट्टा ताणूनही पाहिला. "तुमचं पटतंय मला, बाई. पण पट्ट्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे? पुढच्या वर्षी पुन्हा बसू द्या मुलीला."

तिथून बाई लाँड्रीत गेल्या, मी पिशवीत होतोच. चिमटीच्या आईने इस्त्री बाजूला ठेवून हात पुढे केले. सोड्याने सालं निघून लालबुंद झालेले. "डॉक्टर म्हणतात, पाण्यात घालायचे नाहीत. वर्ष म्हणजे तुमच्याकडे एक इयत्ता हो बाई. यंदा गेली असती तर मी कसंही निभावलं असतं; आता एकदा या कामाला जुंपली की ती पुन्हा सुटायची नाही. आपल्या भाषेत ती हुशार होती ना? मग कुठल्या परमुलखाच्या भाषेने तिला का अडवावं?"

चिमटी मागे चादर पिळत होती. तिने मान वर केली नाही. तंत्रशाळेचं दार त्या वर्षी बंद झालं ते झालंच.

मग बाईंनी पुन्हा बैठक बोलावली. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "भाषा शिकवा, जरूर शिकवा. तिच्यापायी कुणाची वाट मात्र अडवू नका. वर्गात सगळ्यांना बसवा, पण नापास कुणाला करू नका."

गणिताचे सर या वेळी खुर्चीतून उठले नाहीत. हेडसरांनी लिहून घेतलं. पण शाळा उघडली तेव्हा वेळापत्रकात सक्ती नव्हती आणि भाषाही नव्हती. नापास करायचं नाही, तर ठेवायची तरी कशाला, असं कुणीतरी वर ठरवलं. बाईंना वाचनालयात बसवलं. दोन वर्षांनी त्या शाळेतून गेल्या.

जायच्या दिवशी हेडसरांना विचारून त्या मला लाँड्रीत घेऊन गेल्या. चिमटी आता एकटीच काम बघत होती.

"तुला हवा का हा? तुझ्याच हातानं बरा झालाय."

तिने माझ्यावरची धूळ ओल्या हाताने पुसली. अंगठा बटणावर ठेवला, दाबला नाही. "नको, बाई."

"रागावलीस माझ्यावर?"

"रागवायला सवड कुठे आहे? आज चाळीस चादरी आहेत," ती म्हणाली, आणि मागे वळून गिऱ्हाइकांचे नंबर पुकारू लागली.

बाईंनी मला घरी नेलं नाही. इथे आणून ठेवलं, कप्पा लावला आणि जिना उतरून गेल्या. खोलीत आता तुटक्या खुर्च्या ठेवतात.

मुलांना परकी भाषा शिकवावी की नाही, हे मला विचारू नका. मी यंत्र आहे. पण ज्याला शिकायला बसवता, त्याला काय ऐकू येतंय हे एकदा जवळ बसून ऐका, एवढंच माझं मागणं.

आणखी एक सांगायचं राहिलं. कॅसेटवर अकरा पाठ आहेत. परीक्षेला दहाच होते, म्हणून अकरावा वर्गात कधी लावलाच नाही. तो क्षमा मागायचा पाठ आहे. त्यात ती मुलगी म्हणते, "माझ्याकडून चूक झाली. तुमचं फार नुकसान झालं. मला माफ करा."

तेवढं वाक्य मला चिमटीला ऐकवायचं आहे. पण मी ते ऐकवलं, तरी तिला कळायचं नाही. तिथपर्यंत आम्ही तिला शिकवलंच नाही.